दिढीची वही

गेल्या वर्षीच्या फाल्गुनात आमचं जुनं घर पाडलं. घरकुल मंजूर झालं होतं, पहिला हप्ता जमा झाला होता आणि पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा होता. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली भिंत ती. दोन पहारी घातल्या आणि खाली बसली. चुलीमागच्या भिंतीला मात्र आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुणाला हात लावू दिला नाही. त्या तिथं उकिडव्या बसल्या आणि विळ्याच्या टोकानं भिंतीवरची एक थापी हळूहळू सोडवली. तळहाताएवढी, धुरानं काळी झालेली, वाळून खडखडीत. तिच्यात पावसाळी काकडीचं बी होतं.

आमच्याकडं वेलावरची चांगली काकडी बियाला राखतात. तिला खूण म्हणून देठाशी चिंधी बांधायची, म्हणजे पोरं तोडत नाहीत. ती पिवळी होते, मग तांबूस होते, साल जाळीदार तडकते. तेव्हा ती चिरून बी काढायचं, ताज्या शेणात थोडी राख घालून त्यात कालवायचं आणि चुलीमागं भिंतीवर थापायचं. शेण ओल ओढून घेतं, धुरामुळं कीड लागत नाही. ज्येष्ठात वळवाचा पाऊस झाला की थापी खरवडायची, कुस्करायची आणि कुंपणाकडेला बी टोचायचं.

ही थापी कोणत्या सालची, ते आत्याबाईंनाही आठवेना. तीन-चार वर्षांपूर्वीची तरी असेल. ओल्या फडक्यात ४० बिया बांधून ठेवल्या. पाचव्या दिवशी सोडून पाहिलं तर २३ ना मोड आले होते. मी वहीत लिहिलं: काकडी, पावसाळी, घरची, ४० पैकी २३. आत्याबाई बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "लिहून ठिव. पण आता थापायची कुठं, त्ये बी लिहून ठिव."

नव्या घरात सिमेंटच्या गुळगुळीत भिंती. त्यावर थापी धरत नाही, दोन दिवसांत गळून पडते. चूलही आता बाहेर पडवीत गेली.

मी नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली. राजूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. तालुका एकच, पण त्याच्या दोन टोकांत जमीन-अस्मानाचा फरक. घाटघर-रतनवाडीकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि खाली अकोले गावाकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून आमच्याकडं एक बियाणं सगळीकडं चालत नाही. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, खुरासणी, कुंपणाला घेवडा, वाल, डांगर, काकडी. एकट्या भातात काळभात, रायभोग, जिरवेल, ढवळ, कोळपी अशी नावं आमच्या घरातच ऐकत आले. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं ही सगळी एकाच भाताची लाडाची नावं असतील. पहिल्या सोंगणीला आत्याबाईंनी लोंबी हातात देऊन एकेक ओळखायला लावली, तेव्हा कळलं.

गेली नऊ वर्षं मी आमच्या बियाण्याच्या गटाची वही लिहिते. नऊ वाड्यांतल्या ६३ बाया आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता सगळ्या देशाला माहीत आहे. बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या साथीनं त्यांनी घरात बियाण्याची बँक उभी केली, २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री. त्यांची बियाण्याची खोली पाहून आले तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. आमच्याच तालुक्यातली, शाळेत न गेलेली बाई, तिनं गाडग्या-मडक्यांत केवढं जपून ठेवलंय! पण परतताना गाडीत आत्याबाई जे म्हणाल्या ते माझ्या मनात जास्त राहिलं. "येका घरात येवढं हाय. पर त्या घराला कवा काय झालं तर?"

आमच्या गटाचं सगळं काम या प्रश्नाभोवती चाललंय.

पूर्वी सावकार वाढीदिढीनं भात द्यायचा. आषाढात घरातलं संपलं की एक पायली न्यायची आणि मळणी झाली की दीड पायली घालायची. नाही जमलं तर पुढच्या साली त्या दीडवर पुन्हा दिढी. आत्याबाईंच्या सासऱ्यांचं एक खाचर असंच गेलं. आम्ही गट काढला तेव्हा बियाण्याला कोणता नियम लावायचा यावर तीन बैठका झाल्या. शेवटी बायांनी तीच दिढी उचलली. पण अट बदलली. एक मापटं बी नेलं तर दीड मापटं परत, पण वरचं अर्धं माप कुणाच्या घरात साठत नाही. ते दुसऱ्या वाडीतल्या बाईकडं पेरायला जातं. आणि साल बुडालं तर येणं पुढच्या सालावर जातं, वाढ न लावता. हा दुसरा नियम सर्वांत आधी आत्याबाईंनी मागितला. का मागितला, ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याची परीक्षा २०१९ लाच झाली. त्या ऑक्टोबरात भात सोंगणीला आलं आणि पाऊस थांबेचना. कापलेल्या भाताच्या लोंब्यांना शेतातच मोड आले. हिरवे कोंब फुटलेली ती पेंढी हातात घेतली की पोटात कालवायचं. वहीत त्या साली सहा जणींच्या नावापुढं "परत: निरंक" असं लिहिलंय. त्यातल्या दोघींकडं रायभोगाचं सगळं बी होतं. पण रायभोगाचं वरचं माप आदल्या साली वरच्या अंगाच्या वाडीत गेलेलं, तिथली सोंगणी उशिराची, म्हणून तिथलं वाचलं. दोन पायल्या. आज आमच्याकडं जो रायभोग आहे तो सगळा त्या दोन पायल्यांचा.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत उणे १८ अंशाला बियाणं ठेवतात. ते असायलाच हवं, माझी त्याला काही हरकत नाही. पण गोठवलेलं बी आहे तिथंच राहतं. शेतातलं बी दरसाली पाऊस बघतं, करपा बघतं, त्यातून जे तगतं तेच पुढं जातं. आणि रायभोग कधी आवायचा, म्हणजे रोपं खाचरात कधी लावायची, किती पाण्यात उभा ठेवायचा, लोंबी कितपत पिवळी झाली की कापायची, हे डब्यावर चिकटवून ठेवता येत नाही. ते करणाऱ्या बाईबरोबर राहतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात चूक माझीही होती. गट सुरू झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आलं की मडकी, राख, निरगुडीचा पाला हे सगळं जुनं झालं, झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वापरा, हवा आत जात नाही. डबे मिळालेही. मी सगळ्यांच्या आधी आमचा घेवडा डब्यात भरला. तो आमचा लाल कडेचा घेवडा, शेंग रुंद, कडेनं जांभळट लाल रेघ. दाणे दिसायला वाळलेले होते. आत्याबाई दाण्याला दाताखाली धरून बघतात; कट्ट वाजला तर वाळला. मी तेवढंही केलं नाही. आत ओल राहिली आणि भुंग्यांची अंडी तर शेंगेतूनच आलेली असतात. मृगाआधी झाकण उघडलं तर डब्यात पांढरा भुगा, आणि हातात घेतलेला प्रत्येक दाणा भोक पडलेला. ओंजळीत धरला तर वजनच नाही. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी डबा घेतला आणि परसात नेऊन उपडा केला. त्यांच्या आईकडून आलेलं बी होतं ते.

डब्यात दोष नाही, हे नंतर कळलं. भाताच्या बियाण्यात १३ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको, हा सरकारी प्रमाणीकरणाचा निकष आहे. तेवढं वाळवून डब्यात भरलं तर उत्तम टिकतं. कडधान्याला तर त्याहून कडक वाळवण लागतं. मडकं श्वास घेतं, थोडी चूक पोटात घालतं. घट्ट झाकणाचा डबा चूक सांभाळत नाही. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या श्रावणात ठाकरवाडीतल्या एक मावशी बाजाराला जाताना आमच्याकडं टेकल्या. आत्याबाईंनी चहा देता देता घेवडा गेल्याचं सांगितलं. मावशींनी एकदम कप खाली ठेवला. "अगं, तू दिलेलाच की माझ्या कुंपणावर हाये! थोरलीच्या लग्नात दिला न्हाईस का?" मावशींच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झालेली. लग्नाच्या जेवणाला भाजी कमी पडत होती म्हणून आत्याबाईंनी दोन पाट्या शेंगा पाठवल्या होत्या, त्यातल्या जून शेंगा मावशींनी बियाला ठेवल्या. मार्गशीर्षात त्या पदराच्या गाठीत एक चिपटं घेवडा घेऊन आल्या. आत्याबाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं, आणि मला म्हणाल्या, "लिही. दिढी लाव." मावशी नको नको म्हणत होत्या. आत्याबाईंनी ऐकलं नाही. पुढच्या साली दीड चिपटं मोजून घातलं.

वहीत त्या पानावर मी तारीख घालायला विसरले. एवढं एकच पान बिनतारखेचं आहे.

आता थोडं भोपळ्याबद्दल, म्हणजे आमच्या डांगराबद्दल, कारण "हे सगळं एकेकटीनं का नाही करता येत, गट कशाला" असं मला नेहमी विचारतात. भाताचं परागीकरण बहुतेक त्याच्याच फुलात होतं, त्यामुळं शेजारच्या खाचरात दुसरं भात असलं तरी तीनेक मीटर अंतर पुरतं. डांगराचं तसं नाही. त्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि मधमाशी मैल-दीड मैल फिरून येते. तिला बांध कळत नाही. आमच्या वाडीतलं चपटं, गोड डांगर आणि खालच्या वाडीत कुणीतरी बाजारातून आणून लावलेलं संकरित, यांचं एकदा लागलं की फळ आपल्यासारखंच दिसतं, पण आतलं बी भलतंच होतं. दुसऱ्या साली वेलावर जे येतं त्याला काय म्हणावं तेच कळत नाही. काकडीचं, दोडक्याचंही असंच.

म्हणून आम्ही वाड्या वाटून घेतल्या. एका वाडीत एकच डांगर, एकच काकडी, बियाला राखायची असेल तर. चपटं आमच्याकडं, लांबट ठाकरवाडीला, हिरव्या सालीचं ओढ्यापलीकडं. खायला काय हवं ते लावा, पण बियाचा वेल ठरलेला. आणि जिथं शेजारी ऐकत नाही तिथं हातानं. संध्याकाळी टपोरी मादी कळी बघायची, जिच्या खाली बारकं फळ दिसतं ती, आणि तोंडाला दोरा बांधून ठेवायचा. नराचीही एक कळी तशीच बांधायची. पहाटे, माश्या निघायच्या आत, नर फूल तोडून पाकळ्या सोलायच्या, मादीचा दोरा सोडून आत तो दांडा हलकेच फिरवायचा, पुन्हा बांधायचं. देठाला लाल चिंधी. पाच-सहा फुलं केली तर दोन धरतात. हे काम माझी धाकटी मुलगी करते, सातवीत आहे. ती पहाटे उठून टॉर्च घेऊन जाते तेव्हा मला फार बरं वाटतं.

पैशाचं बोलायला हवं. जपणूक, वारसा हे शब्द ऐकून ऐकून बायांचे कान किटलेत आणि मजुरी मात्र कुणी देत नाही. काळभाताचं बी शुद्ध ठेवायचं तर फुलोऱ्यापासून सोंगणीपर्यंत तीनदा खाचरात उतरून भेसळ काढावी लागते. जास्त उंच वाढलेलं, आधी निसवलेलं, तुसाचा रंग वेगळा असलेलं प्रत्येक रोप मुळासकट उपटायचं. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं. त्याच भाताला गावात येणारा व्यापारी २२ रुपये किलो देत होता. आम्ही ठरवलं, गट बियाणं म्हणून ६० नं घेईल आणि भेसळ काढायचे तीन दिवस मजुरीनं वेगळे धरेल. आणि हे ज्या सालचं त्या साली द्यायचं, विकलं गेल्यावर नाही. त्यासाठी आम्ही पहिली तीन वर्षं कुणी कर्ज काढलं नाही की साडी घेतली नाही, सगळी बचत त्यात घातली.

जुनं तेवढं सोनं असं मी म्हणत नाही. इंद्रायणी आमच्याकडंही लावतात, मी स्वतः लावते. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं ते वाण, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवडलेलं. चवीला चांगलं, उतारा चांगला, आणि बी घरी राखता येतं. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, उतारा कमी. ज्या घरात खाणारी आठ तोंडं आणि खाचर दीड एकर, त्या घरातल्या बाईनं सगळं काळभात लावावं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आमचं म्हणणं एवढंच की तिनं पाच गुंठे लावावा आणि त्या पाच गुंठ्यांत तिला तोटा होऊ नये. तोटा गटानं, आणि तो तांदूळ खाणाऱ्यांनी, वाटून घ्यावा.

आमच्या जिल्ह्याला सहकार नवा नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला. प्रवरा उगवते आमच्या रतनगडावर, अडते भंडारदऱ्याला, १९२६ च्या धरणात, आणि खाली जाऊन ऊस पिकवते. खालच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भाव मिळवला हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. वर आमच्या डोंगरात तेच बियाण्याच्या बाबतीत का होऊ नये, हा प्रश्न मी बैठकीत मांडला होता. अडचण कुठं येते ते नंतर कळलं. सातबाऱ्यावर.

बी राखते बाई आणि जमीन पुरुषाच्या नावावर. आम्ही गटाची शेतकरी कंपनी करायला निघालो तेव्हा एका कार्यालयात आमच्या पुढ्यात अर्ज सरकवून विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" ६३ पैकी ११ जणींनी हात वर केला. बाकीच्यांना सांगितलं, मालकाची सही आणा, मालकच सभासद होतील. ज्या बाईनं वीस वर्षं घेवडा राखला तिचा नवरा सभासद होणार, ज्याला घेवड्याची कड कोणत्या रंगाची तेही सांगता येणार नाही! त्या दिवशी आम्ही अर्ज न भरताच परत आलो. एसटीत कुणी बोलत नव्हतं.

वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जे पट्टे मिळाले, त्यांच्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालावीच लागतात. आमच्यातल्या ठाकर आणि महादेव कोळी बायांपैकी २४ जणींच्या घरी असे पट्टे होते, पेटीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ज्यांना आम्ही जमीन नसलेल्या समजत होतो त्यांच्याकडं नावाचा कागद निघाला. काहींच्या नवऱ्यांनी सरकारच्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून दिलं. बाकीच्यांसाठी आम्ही अजून बचत गट म्हणूनच चाललोय. काम अर्ध्यावर आहे.

आणखी एक भीती लोक घालतात: विनापरवाना बियाणं विकलं तर आत घालतील. बाजारात एकानं आमच्या एका ताईंना असं सांगितलं आणि त्या बी तसंच गाठोड्यात बांधून घरी आल्या. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांत द्यायचा-घ्यायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. त्या कलमाचा मराठी मजकूर मी मोठ्या अक्षरात लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. आता ताई बाजारात वही घेऊन जातात.

२०२३ मध्ये केंद्रानं भारतीय बीज सहकारी समिती काढली, इफको, कृभको, नाफेड अशा मोठ्या संस्थांनी मिळून. पारंपरिक बियाण्यांचं जतनही तिच्या उद्दिष्टांत आहे. होऊ दे, चांगलंच आहे. पण नऊ वाड्यांतली नऊ डांगरं एवढ्या मोठ्या चाळणीत राहणार नाहीत, खाली गळतील. त्यांना तालुक्याएवढीच, चालत जाता येईल एवढीच संस्था लागते. भातासाठी वेगळी, कोरडवाहू ज्वारीच्या गावांची वेगळी. जव्हार-मोखाड्याकडच्या वारली, कोकणा बाया कणसरीला मानतात, धान्य म्हणजे त्यांना देवीच. त्यांची नागली त्यांच्या संस्थेत असावी, आमची आमच्या. मध्ये देवाणघेवाण असावी.

शहरातून आमच्याकडं येणाऱ्या लोकांना मी एक मनापासून सांगते. पाच-पाच ग्रॅमच्या पुड्या नेऊन डब्यात ठेवू नका. गॅलरीत लावणार असाल तर अवश्य न्या, पण बी टिकतं ते खाल्ल्यानं. नाशिकच्या बारा कुटुंबांनी आमच्याशी ठरवलंय: आवणीच्या आधी, आषाढात, घरटी २० किलो काळभाताची निम्मी रक्कम देतात आणि मार्गशीर्षात तांदूळ नेतात. साल पडलं तर जेवढा आला तेवढा वाटून घेतात. त्यांतल्या एक काकू गौरीच्या नैवेद्याला आमचीच काकडी लागते म्हणून मुद्दाम फोन करतात. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, हातानं लावलेलं कुंपणाकडेचं लागतं, म्हणून पाच जणी भाजीच मागवतात. सणाला ठरावीक वाणच हवं असं म्हणणारं घर जोवर आहे तोवर ते वाण लावायला बाई तयार होते. आमच्याकडं नवं करतात, म्हणजे नव्या धान्याचं पहिलं जेवण, तेव्हा पहिला भात काळभाताचाच शिजतो, इंद्रायणीचा नाही. त्या एका दिवसासाठी म्हणून किती घरांनी मूठभर काळभात राखला होता, हे गट सुरू झाल्यावर कळलं.

घराचं सांगायचं राहिलं. स्लॅब पडला, आम्ही आत राहायला गेलो. पडवीत चुलीजवळ मालकांनी उरलेल्या कारवीचा चार हात रुंद कूड उभा करून दिला, मी आणि आत्याबाईंनी तो लिंपला. भाद्रपदात दोन काकड्या बियाला राखल्या होत्या, त्यांच्या तीन थाप्या त्यावर आहेत.

एक पान मात्र अजून कोरं आहे. गटाच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत सगळी भातंच होती, कारण भात विकलं जात होतं. ठाकरवाडीच्या बाया कोपऱ्यात गप्प बसायच्या. त्यांच्याकडं खाचरं नाहीत, उतार आहे. दुसऱ्या बैठकीला मावशींनीच विचारलं, "आमच्या वरईचं पान कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. मी तिथंच पान उघडलं आणि वर नाव लिहिलं. नागलीचं पान नंतर भरलं, वरईचं भरत नाही. कारण चव नाही, भाव नाही असं काही नाही, उपासाला वरई सगळ्या महाराष्ट्राला लागते. कारण कांडण. वरईचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. उखळात घालून कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. दोन बाया सकाळभर लागल्या तर पायलीभर निघत नाही. सुनांना ते नको असतं आणि मी त्यांना दोष देत नाही. टरफल काढायचं लहान यंत्र मिळतं. आम्ही त्यासाठी पैसे साठवतोय, अजून १८ हजार कमी आहेत.

या ज्येष्ठाच्या वाटपात वरई न्यायला कुणी आलं नाही. मावशींकडं अर्धी पायली बी आहे आणि त्यांचे गुडघे आता उतारावर चढत नाहीत. काल मी वहीत लिहिलं: वरई, ठाकरवाडीची, एक मापटं, अडीच गुंठे. नाव माझं घातलं. पेरायची कशी ते दाखवायला मावशी सोमवारी येणार आहेत.